नव्वद वजा दहा : रोगप्रतिकारशास्त्राच्या अभ्यासकांना खुलं पत्र

रोगप्रतिकारशास्त्राच्या सर्व संशोधकांना,

स. न. वि. वि.

पत्र चुकीच्या दारात पडलं, असं तुम्हाला वाटण्याची शक्यता आहे. एंडोमेट्रिओसिसचं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर रुजण्याच्या आजाराचं पत्र स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला हवं, आमच्याकडे कशाला? पण दार मी विचार करूनच निवडलं आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे मी पंधरा वर्षं जाते आहे. त्यांनी माझ्या दोन दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया केल्या, डाव्या अंडाशयातली चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) काढली, आतड्याला चिकटलेलं गर्भाशय सोडवलं, गोळ्या चार वेळा बदलून दिल्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. (एकीबद्दल आहे. ‘मूल झालं की थांबेल’ असं सांगून तिने माझी तीन वर्षं घालवली. पण ते पत्र वेगळं.)

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर मी सर्जनबाईंना विचारलं, ‘मागच्या वेळी सगळं काढलं होतं ना, मग परत आलं कुठून?’ त्या म्हणाल्या, ‘दिसेल ते काढणं माझं काम. ते तिथे रुजतंच का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्या कुणाकडे तरी असेल.’ इतकं सरळ उत्तर मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं. हे पत्र त्या ‘दुसऱ्या कुणाला’ आहे.

मी शाळेत गणित शिकवते. आजाराबद्दल वाचायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोन आकड्यांशी अडले आणि अजून तिथेच आहे.

१९२७ साली जॉन सॅम्पसन या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने मांडलं की पाळीचं सगळं रक्त खाली येत नाही. थोडं रक्त बीजवाहिन्यांतून उलटं वर चढतं, ओटीपोटात सांडतं, आणि त्यातल्या अस्तराच्या जिवंत पेशी तिथे रुजतात. जवळजवळ शंभर वर्षं होत आली, पुस्तकात अजून पहिलं कारण हेच असतं. पुढे १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळीच्या आसपासच्या दिवसांत स्त्रियांच्या पोटातला द्रव तपासला गेला. ज्यांच्या बीजवाहिन्या मोकळ्या होत्या, त्यांच्यापैकी ९० टक्के जणींच्या द्रवात रक्त सापडलं. वाहिन्या बंद असलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे रक्त उलटं जाणं हा काही आजार नव्हे, ती रोजची गोष्ट आहे. आणि एंडोमेट्रिओसिस? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात १९ कोटी जणींना.

बी जवळजवळ प्रत्येकीच्या पोटात पडतं, उगवतं मात्र दहांतल्या एकीच्या.

हे दोन आकडे एकमेकांतून वजा करायचे नसतात, हे मला कळतं. एक आकडा मोजक्या स्त्रियांवरच्या निरीक्षणाचा, दुसरा सगळ्या जगाचा अंदाज, आणि तोही कच्चा, कारण अनेकींचं निदान कधी होतच नाही. सातवीतल्या मुलाने अशी वजाबाकी केली तर मी लाल शाईने रेघ मारीन. पण अंदाज दुप्पट चुकला असं धरलं तरी मधली दरी बुजत नाही. त्या दरीत बसलेल्या स्त्रियांच्या पोटात दर महिन्याला सांडलेलं कुणीतरी मुकाट्याने साफ करतं. ते कोण, आणि आमच्याकडे ते का होत नाही, हा प्रश्न गर्भाशयाचा उरत नाही. तो तुमच्या शास्त्राचा होतो.

सॅम्पसनच्या म्हणण्यात भोकं आहेत, तीही सांगून टाकते. पाळी सुरू होण्याआधीच्या मुलींत, फुप्फुसाच्या आवरणावर, क्वचित इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनचे उपचार घेतलेल्या पुरुषांतही हा आजार सापडला आहे. तिथे उलट्या रक्ताचा हिशेब पुरेसा पडत नाही. पण पेशी तिथे कुठूनही आलेल्या असोत किंवा जागच्या जागी बदललेल्या असोत, त्यांना तिथे राहू कुणी दिलं, हा प्रश्न तसाच उरतो.

तुमच्यापैकी कुणी याकडे पाहिलंच नाही असं नाही. १९८१ साली डमॉव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांवर काम केलं. आजार असलेल्या माकडिणींच्या पेशी स्वतःच्याच अस्तराच्या ऊतींविरुद्ध कमी प्रतिसाद देत होत्या. दहा वर्षांनी, १९९१ मध्ये, बेल्जियममधल्या लूव्हेनच्या गटाने स्त्रियांमधल्या नॅचरल किलर पेशी तपासल्या. या पेशींचं काम नको असलेल्या पेशी मारण्याचं. आजार असलेल्या स्त्रियांत त्या स्वतःच्या अस्तराच्या पेशी मारण्यात कमी पडत होत्या. १९८७ मध्ये नॉर्बर्ट ग्लायशर यांनी तर हा आजार स्वयंप्रतिकार प्रकारचा, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, आहे का, असं उघड विचारलं होतं. धागे हाती होते. ते विणायला माणसं पुरेशी आली नाहीत, असं मला बाहेरून पाहताना वाटतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात चित्र होतं ते झोपलेल्या पहारेकऱ्याचं. चोर आला, पहारेकऱ्याला डुलकी लागली. पुढे वाचत गेले आणि ते चित्र मोडलं. आमच्या पोटातल्या द्रवात मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातला कचरा गिळून साफ करणाऱ्या पेशी, कमी नसतात, जास्तच असतात, आणि जाग्या असतात. इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८, टीएनएफ अशी दाहाची रसायनं तिथे वाढलेली असतात. फक्त या मॅक्रोफेज पेशी कचरा उचलण्याऐवजी भलतंच काम करतात. नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, तंतू घट्ट विणतात, रुजलेल्या ऊतींच्या चट्ट्याला खाऊपिऊ घालतात. मग फितूर म्हणावं का? तोही शब्द मला पटत नाही. शरीराच्या दृष्टीने ती एक जखम आहे, आणि जखम दिसली की या पेशी ती भरून आणायच्या मागे लागतात. दर महिन्याला ती नव्याने उघडते, त्या नव्याने कामाला लागतात. पहारेकरी चोराला रुग्ण समजून त्याची शुश्रूषा करत बसलाय, असं काहीसं.

या ठिकाणी प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं, आणि मला ते सगळ्यात जास्त आवडतं; आवडतं म्हणजे एखादं अवघड उदाहरण आवडतं तसं. २०२१ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की सगळे मॅक्रोफेज एका माळेचे मणी नव्हेत. अस्तराबरोबर आलेले मॅक्रोफेज चट्टा वाढवतात, आणि रक्तातून नव्याने पोटात येऊन स्थिरावलेले काही मॅक्रोफेज उलट त्याला आवर घालतात. एकाच नावाच्या दोन पेशी, एक बेरीज करते, दुसरी वजाबाकी. सरसकट सगळ्यांना मारणारं औषध दिलं तर काय होईल, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

दाह या शब्दाबद्दल दोन ओळी. मराठीत दाह म्हणजे आग, आणि वैद्यकात दाह म्हणजे प्रतिकाराच्या पेशींनी सूज आणण्याची तुमची ती प्रक्रिया. आमच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतात, पण तपासणीच्या खोलीत पहिलाच अर्थ ऐकला जातो आणि ‘थोडं दुखतंच’ म्हणून निकाली निघतो.

आता हॉर्मोनचं. ‘हा हॉर्मोनचा आजार आहे’ असं आम्हाला सांगितलं जातं आणि ते खोटं नाही. पण हॉर्मोन आणि दाह या दोन वेगळ्या खोल्या नव्हेत, एकाच खोलीची दोन दारं आहेत. दाहातून प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन तयार होतं. ते चट्ट्यातल्या पेशींना ॲरोमाटेज नावाचं विकर बनवायला लावतं. ॲरोमाटेज तिथल्या तिथे इस्ट्रोजेन बनवतं. इस्ट्रोजेन पुन्हा प्रोस्टाग्लँडिन वाढवतं. शिकागोच्या सेरदार बुलुन यांच्या गटाने हे चक्र वर्षानुवर्षं उलगडलं आहे. गर्भाशयाच्या निरोगी अस्तरात ॲरोमाटेज जवळजवळ नसतंच. म्हणजे चट्टा स्वतःचं खाद्य स्वतः शिजवतो आणि चूल पेटती ठेवतो दाह. शिवाय दाह थंड करणारं जे प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन, त्याचं या ऊती नीट ऐकत नाहीत. त्यात दर महिन्याला सांडलेल्या रक्तातलं लोह साठत जातं आणि ते आणखी पेशी जाळतं.

आम्हाला मिळणारी औषधं मात्र या चक्राच्या एकाच दारावर उभी आहेत. गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्ट, जीएनआरएच गटातली औषधं, अलीकडची एलागोलिक्स आणि रेलुगोलिक्स, सगळी हॉर्मोन दाबणारी किंवा बदलणारी. अनेकींना त्यांनी खरंच जगवलं आहे. पण ज्या स्त्रीला मूल हवंय, तिला यातलं जवळजवळ काहीच घेता येत नाही. दुसऱ्या दारावर, दाहाच्या बाजूला, साध्या वेदनाशामक गोळ्यांपलीकडे कुणी उभं नाही.

तिथे उभं राहायचा प्रयत्न झाला आणि फसला, तेही लिहायला हवं. २००८ साली इन्फ्लिक्सिमॅब, म्हणजे सांधेदुखीत वापरलं जाणारं टीएनएफविरोधी औषध, खोल एंडोमेट्रिओसिस असलेल्या २१ स्त्रियांवर तपासलं गेलं. खरं औषध मिळालेल्यांच्या आणि खोटं मिळालेल्यांच्या वेदना सारख्याच, ३० टक्क्यांनी, कमी झाल्या. औषधाचा वेगळा फायदा शून्य. हा अभ्यास छापला गेला याबद्दल मला त्या लोकांचे आभार मानायचे आहेत, कारण नापास झालेला पेपर फाडून टाकणाऱ्यांची संख्या कमी नसते. पण त्यावरून ‘प्रतिकारशक्तीचा मार्ग बंद’ असा अर्थ काढणं घाईचं होतं. २१ स्त्रिया, एक रसायन, आणि घट्ट तंतूंच्या जुन्या गाठी. जपानमध्ये इंटरल्युकिन-८ ला अडवणारं एक प्रतिपिंड माकडांवर वापरलं, तेव्हा गाठी आणि चिकटलेपण दोन्ही कमी झाले, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. माकड आणि माणूस यांच्यातलं अंतर मी विसरलेले नाही.

त्याच वर्षी जपानच्याच नागोया विद्यापीठातून फ्यूझोबॅक्टेरियमची बातमी आली. १५५ स्त्रियांच्या अभ्यासात आजार असलेल्यांपैकी ६४ टक्के जणींच्या गर्भाशयाच्या अस्तरात हा जीवाणू सापडला, इतरांत १० टक्क्यांहून कमी. उंदरांना प्रतिजैविकं दिल्यावर चट्टे कमी झाले. त्या आठवड्यात मला ओळखीच्या चार बायकांचे मेसेज आले, प्रतिजैविकं मागायची का म्हणून. मी सगळ्यांना थांबा म्हटलं. पण थांबा म्हणताना मला स्वतःचा राग येत होता, कारण थांबायचं किती ते मला सांगता येत नव्हतं. वेगवेगळ्या देशांतल्या स्त्रियांवर हे पुन्हा तपासून हो किंवा नाही सांगणं तुमच्या हातात आहे. दोन्ही उत्तरं आम्हाला चालतील.

अजून एक मेसेज हमखास येतो : ‘प्रतिकारशक्ती वाढव.’ काढे, भुकट्या, गोळ्या. त्याचं उत्तर देताना तुमच्या शास्त्राची मदत हवी आहे, कारण लोकांना प्रतिकारशक्ती म्हणजे पाण्याची टाकी वाटते, भरली की चांगली. आमच्यात ती कमी नाही, भरकटलेली आहे, हे समजावता समजावता मी थकले.

वेदनेबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागतं, नाहीतर पत्र तिथेच अडकेल. आजाराच्या पायऱ्या चार, एक ते चार, शस्त्रक्रियेत जे दिसतं त्यावरून. माझी तिसरी. पहिल्या पायरीवरची माझी एक मैत्रीण महिन्यातून चार दिवस उभी राहू शकत नाही, आणि चौथ्या पायरीच्या एका बाईला मूल होत नाही म्हणून तपासलं तेव्हा आजार कळला, दुखणं काहीच नव्हतं. पायरी आणि वेदना यांचा आलेख काढला तर सरळ रेषा येणार नाही. म्हणजे वेदना गाठीच्या आकारात नाही, दुसरीकडे आहे. कुठे, त्याची खूण तुमच्याच क्षेत्राने दिली. २०१९ मध्ये दिसलं की मॅक्रोफेज आयजीएफ-१ हे रसायन सोडतात आणि त्याने चट्ट्याजवळच्या नसा वाढतात, हळव्या होतात. २०२४ मध्ये बोस्टनच्या गटाने उलट बाजू दाखवली : नसा सीजीआरपी नावाचं रसायन सोडून मॅक्रोफेजना बिघडवतात, आणि अर्धशिशीसाठी आधीच बाजारात असलेली सीजीआरपीविरोधी औषधं उंदरांना दिल्यावर वेदनाही कमी झाली आणि चट्टेही लहान झाले. नस पेशीला चिथावते, पेशी नसेला. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. अर्धशिशी मला बाराव्या वर्षापासून आहे, आणि दोन दुखण्यांच्या दोन फायली दोन वेगळ्या कपाटांत आहेत.

फायलींवरून आठवलं. २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनच्या मोठ्या बायोबँकेतली (लोकांचे नमुने आणि आरोग्याच्या नोंदी यांच्या साठ्यातली) माहिती तपासली. एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांत संधिवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, सीलिॲक, सोरायसिस अशा प्रतिकारशक्तीशी जोडलेल्या आजारांचा धोका ३० ते ८० टक्क्यांनी जास्त दिसला, आणि काहींशी जनुकीय नातंही. (घाबरू नका, असं मी वाचणाऱ्या बायकांना सांगते. १०० पैकी एकीला होणारी गोष्ट ८० टक्क्यांनी वाढली तरी १०० पैकी दोघींनाही होत नाही.) हा आजार स्वयंप्रतिकार प्रकारचाच आहे, असं यातून सिद्ध होत नाही. पण तुमच्या रुग्णांत आम्ही आधीपासून बसलेल्या आहोत, एवढं नक्की होतं. संधिवाताच्या बाह्यरुग्ण विभागात कुणी आम्हाला पाळीबद्दल विचारत नाही, इतकंच.

आता मागणं. माझी मुख्य अडचण अशी आहे की वर लिहिलेलं बरंचसं ‘आधी काय, नंतर काय’ सांगत नाही. किलर पेशी मंद झाल्या म्हणून चट्टा रुजला, की चट्टा रुजल्यावर त्याने त्या मंद केल्या? माझ्या पोटातला द्रव तपासला तेव्हा आजाराला किमान दहा वर्षं झाली होती. जळून गेलेल्या घराचा फोटो पाहून काडी कुणी लावली ते सांगायचं, तसं. सुरुवात पाहायची तर किशोरवयीन मुलींकडे, पाळीच्या पहिल्या वर्षांकडे जावं लागेल, आणि त्या मुलींच्या पोटात दुर्बीण घालता येणार नाही, घालूही नये. उंदीर इथे फार उपयोगाचा नाही, त्याला पाळीच येत नाही. काटेरी उंदराची एक जात अपवाद निघाली, हे जगाला २०१७ च्या सुमाराला कळलं.

पण पाळीचा स्राव आहे. दर महिन्याला, आपोआप, सुई न टोचता. त्यात अस्तराच्या पेशी आहेत, किलर पेशी आहेत, मॅक्रोफेज आहेत. शंभर वर्षं आपण ज्या रक्ताला दोष दिला, ते रक्तच नमुना म्हणून घ्यायला इतकी वर्षं लागावीत, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. न्यूयॉर्कच्या फाइनस्टाइन संस्थेत पीटर ग्रेगर्सन आणि क्रिस्टीन मेट्झ हे काम करतात. २०२२ मध्ये त्यांच्या गटाने या स्रावातल्या एकेक पेशी वेगळ्या वाचून दाखवल्या : आजार असलेल्यांत गर्भाशयाच्या किलर पेशी कमी, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी जास्त. आणि हे ग्रेगर्सन मूळचे कोण? संधिवाताच्या जनुकांवर आयुष्य घालवलेले गृहस्थ. तुमच्यातलेच. एकजण कुंपण ओलांडून आला तर हे झालं.

येणार असाल तर काही गोष्टी पहिल्या दिवसापासून करा. नमुना पाळीच्या कितव्या दिवसाचा आणि बाई कोणत्या गोळ्यांवर आहे, ते लिहा. याशिवाय मोजलेली रसायनं म्हणजे वेळ न लिहिता घेतलेलं तापमान. नमुने घेण्याची सामाईक पद्धत २०१४ पासून तयार आहे, ती वापरा, प्रत्येकाने आपली पट्टी घेऊन मोजू नका. तुलनेसाठी निवडलेल्या स्त्रियांना खरंच आजार नाही ना, ते पाहा. चट्टा किती आकसला हे मोजाल तेव्हा ती बाई त्या महिन्यात किती दिवस कामावर जाऊ शकली, तेही मोजा. आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी छापा.

मी ३९ वर्षांची आहे. डायनोजेस्टने मन काळवंडायला लागलं म्हणून गेल्या वर्षी ते बंद केलं, त्यामुळे पाळी दर २७-२८ दिवसांनी येते. पंधरा वर्षांची नोंदवही माझ्याकडे आहे : तारीख, दिवस, वेदना शून्य ते दहा, औषध, गैरहजेरी. अजून दहा-बारा वर्षं तरी पाळी येईल, म्हणजे सुमारे दीडशे नमुने. कुठे पाठवायचे, तेवढं कळवा.

कळावे,

एक रुग्ण, गणिताची शिक्षिका